दारू सोडलीत? मग गप्प कसले बसता!

दारू सोडलीत? अभिनंदन. पण नुसती सोडून भागत नाही, चार लोकांना ते कळायला हवं. गुपचूप सोडलेली दारू म्हणजे फुकट गेलेली दारू.

यजमान बाटली तिरकी करू लागला की लगेच नाही म्हणू नका. बाटलीचं तोंड काठाला टेकू द्या, मग तळहात ग्लासावर ठेवा. सगळं टेबल दोन सेकंद गप्प होतं. तेवढ्यात 'मी घेत नाही' म्हणा आणि रात्रभर इतरांचे पेग मोजत बसा. (चकण्याला शपथ लागू नाही.)

शपथ घेण्याआधी तिची व्याख्या मात्र तपासा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंड-अमेरिकेतले कित्येक सद्गृहस्थ व्हिस्की-जिनवर बहिष्कार घालत होते, तो बिअर पीत पीत. १८३२ साली इंग्लंडमधल्या प्रेस्टनमध्ये जोसेफ लिव्हसी आणि सोबत्यांनी बिअरही वर्ज्य केली आणि सगळ्या मजेवर पाणी ओतलं. पुढच्याच वर्षी तिथला डिकी टर्नर भाषणात 'टोटल' म्हणताना 'टी-टी' करत अडखळला म्हणे, आणि 'टीटोटलर', म्हणजे दारूच्या थेंबालाही न शिवणारा, जन्माला आला. म्हणजे बघा, न पिताही जीभ अडखळते.

स्वतःला पाळणं जड जातंय? मग दुसऱ्यांना पाळायला लावा, ते सोपं असतं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या कॅरी नेशनबाई १९००च्या सुमारास कुऱ्हाड घेऊन गुत्त्यांत शिरायच्या, आरसे-बाटल्यांचा चुराडा करायच्या आणि दंड भरायला कुऱ्हाडीच्या आकाराच्या पिना विकायच्या. कॅन्ससमध्ये दारूबंदी १८८१पासूनच होती, तरी गुत्ते उघडे होतेच. बाईंचा पहिला नवरा दारूपायी गेला होता. पण हा तपशील गाळा, किस्सा जड होतो. कुऱ्हाड तेवढी सांगा.

तेवढ्यानंही भागलं नाही तर थेट कायदा आणा. १९२०मध्ये अख्ख्या अमेरिकेत दारूबंदी आली आणि लोकांच्या तब्येती भराभर बिघडू लागल्या, कारण डॉक्टरच्या चिठ्ठीवर दर दहा दिवसांनी पाइंटभर व्हिस्की मिळे. दुकानात द्राक्षरसाच्या सुकवलेल्या विटा मिळत. वर इशारा असे: ही वीट पाण्यात विरघळवून वीस दिवस कपाटात ठेवू नका, वाइन होईल. असा इशारा हाती पडलाच, तर शेवटपर्यंत नीट वाचा. कपाट कुठलं, ते मात्र आधीच ठरवून ठेवा.