‘ज्याला शिकायचंय तो शिकतोच’ या मेसेजला उत्तर

दहावीचा निकाल लागला की गावाच्या आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. दरवर्षी शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. कोकणचा निकाल राज्यात पहिला, म्हणजे आपल्याकडे सगळं उत्तम आहे. मागे पडणारी मुलं आळशी आणि त्यांचे आईबाप बेफिकीर. बाबासाहेब आणि महर्षी कर्वे याच मातीतले, त्यांचे कुणी जादा तास घेतले होते? कच्च्या मुलांवर वेळ घालवला की हुशार मुलांचं नुकसान होतं. आणि नापास करणं बंद केलं तिथेच सगळं बिघडलं. ज्याला शिकायचंय तो शिकतोच. खाली जोडलेले हात आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटलं नाही. का, ते सांगतो.

निकालाचा आकडा खरा आहे. कोकण विभागीय मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ मध्ये ९९.०१ टक्के आणि २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला, दोन्ही वर्षी राज्यात सर्वाधिक. अभिमान जरूर बाळगावा. फक्त या मंडळात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात. रायगड, ठाणे, पालघर मुंबई मंडळात मोडतात. म्हणजे कातकरी आदिवासींच्या वाड्या जिथे जास्त, तो भाग या आकड्यात नाहीच. शिवाय टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची. सातवीतच शाळा सुटलेली मुलगी किंवा नववीत बोटीवर खलाशी म्हणून गेलेला मुलगा पासही नसतो आणि नापासही नसतो. अडलेल्या मुलांबद्दल बोलताना ज्या आकड्यात ती मुलंच नाहीत तो पुढे करून काय उपयोग?

आता बाबासाहेब. हा मुद्दा वाचला की मला खरोखर वैताग येतो, कारण त्यांच्या शिक्षणात मदतीचा हात कुणाकुणाचा होता ते चरित्रांत स्पष्ट लिहिलेलं आहे. त्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील रामजी सुभेदार मुलाला अभ्यासासाठी पहाटे दोनला उठवत, आणि पुस्तकांसाठी हातात पैसे नसले तर लेकीचे दागिने गहाण टाकून आणत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या नजरेस पडला. केळुसकर मूळचे वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे, मुंबईत शिक्षक. त्यांनी त्याला पुस्तकं दिली आणि १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा सत्कारात आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पुढच्या शिक्षणाचा खर्च घराला पेलेना, तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला तोही केळुसकरांनीच. महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये मंजूर केले आणि १९१३ मध्ये अमेरिकेला जाण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. नंतर लंडनचं अपुरं शिक्षण पुरं करायला शाहू महाराजांनी पैसे दिले.

जिद्द होतीच, ती कोण नाकारतंय? पण त्या जिद्दीला एक बाप, एक शिक्षक आणि दोन राजे भेटले. मेसेजवाले जिद्द तेवढी उचलतात आणि केळुसकरांना वगळतात. एका कोकणी मास्तरांचं एवढं मोठं काम कोकणातल्याच ग्रुपवर पुसलं जावं, याला काय म्हणावं!

कर्व्यांची गोष्ट तर मेसेजच्या उलटच जाते. दापोलीजवळच्या मुरुडहून ते परीक्षेसाठी डोंगर-घाट तुडवत चालत साताऱ्याला गेले, हे सगळ्यांना माहीत असतं. तिथे काय झालं ते सांगायचं राहून जातं. दिसायला लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. एवढी पायपीट करून पोरगा हात हलवत परत आला. यातून जिद्दीचा धडा निघत असेल, तर परीक्षा घेणाऱ्यांसाठीही एखादा निघायला हवा.

पालक बेफिकीर आहेत म्हणणाऱ्यांनी दिवाळीनंतर एखाद्या कातकरवाडीत जाऊन यावं. निम्म्या झोपड्यांना कड्या असतात. पावसाळ्यात हातात काम नसताना मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला सगळं घर वीटभट्टीवर नाहीतर कोळसा पाडायला जातं आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. आपलं शाळेचं वर्ष जूनला सुरू होऊन एप्रिलमध्ये संपतं. म्हणजे त्या मुलाच्या वाट्याला जेमतेम पहिलं सत्र येतं, त्यातही जुलैच्या पावसात ओढ्याला पाणी आलं की आईच त्याला पाठवत नाही, आणि बरोबर करते. मागे आजी असेल तर मूल राहतं, नाहीतर भट्टीवर जाऊन धाकट्या भावंडाला सांभाळतं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात चित्र जरा वेगळं. चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं, आंब्याच्या बागेत राखणीला आणि बोटींवर कामाला नेपाळी माणसं. त्यांची मुलं घरात कन्नड किंवा नेपाळी बोलतात आणि शाळेत मराठी पुस्तक उघडतात. मुलाला पुस्तकातलं घरी समजावून सांगू न शकणारा बाप बेफिकीर ठरत असेल, तर चाकरमान्यांच्या इंग्रजी शाळेतल्या मुलांचे किती आईबाप या व्याख्येत बसतील ते बघावं लागेल.

हुशार मुलांच्या नुकसानीबद्दल फार बोलायची गरज नाही, कारण याची पडताळणी होऊन गेली आहे, तीही मुंबईत. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच शिकलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना शाळेच्या वेळात दोन तास वेगळं बसवून त्यांना जिथे अडलं तिथून शिकवायची. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या गटाने त्याचं मोजमाप केलं. सगळ्यात कच्च्या मुलांनी सगळ्यात जास्त प्रगती केली, आणि वर्गात उरलेल्यांचं काही बिघडलं नाही. आपल्या वाडीशाळेत तर चार-पाच इयत्ता आणि दोन शिक्षक असतात. मुलं तशीही एकत्रच बसतात. तासभर इयत्ता बाजूला ठेवून ज्याला जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गट केले, तर हुशार मुलगीही तिसरीत असून पाचवीचं वाचेल.

यात ‘शाळेच्या वेळात’ हे महत्त्वाचं आहे. शाळा सुटल्यावर ठेवलेल्या जादा तासाला वाडीतलं मूल थांबत नाही, त्याची गाडी चुकते. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा प्रवास मोफत आहे, पण साडेपाचची गाडी गेल्यावर तो पास दाखवायचा कुणाला?

राहिला नापासाचा मुद्दा. तो शेवटी घेतला कारण त्यात तथ्य आहे. धड वाचता न येणारी मुलं वर ढकलत आठवीपर्यंत पोचली, हे कुठल्याही माध्यमिक शाळेतला शिक्षक सांगेल. पण ती पोचली, कारण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातली ‘नापास करू नका’ ही ओळ सगळ्यांनी वाचली आणि मूल मागे पडलं तर त्याला जास्त शिकवा, हा भाग कुणीच मनावर घेतला नाही. त्याच पुस्तकाला पुन्हा वर्षभर बसवून, पहिल्या वर्षी न कळलेला भागाकार दुसऱ्या वर्षी आपोआप कळत नाही.

आणि मेसेज जुना झालाय, हेही सांगायला हवं. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. आता नापास करता येतं. मात्र त्याआधी मुलाला जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षा घ्यायची, असा नियम आहे. हे दोन महिने म्हणजे कोकणात काय, ते बघा. निकाल लागतो तो मे महिन्याच्या तोंडावर. घाटमाथ्यावरचे गुरुजी सुट्टीला आपापल्या जिल्ह्यात, गावात लग्नसराई आणि आंबा, आणि कातकऱ्याचं मूल पाऊस पडेपर्यंत भट्टीवर. ते परत येईतो फेरपरीक्षा दारात उभी असते.

तेव्हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या दादा-काकांना एकच विनंती. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यातले कुणीतरी तुमच्या ओळखीचे असतीलच. पुढच्या सभेत त्यांना विचारायला सांगा: फेरपरीक्षेआधीचं मार्गदर्शन कोण देणार, कुठल्या तारखांना, आणि जे मूल गावातच नाही त्याला कधी?