दरवर्षी कार्यकारिणी बदला, पण चेंज रिपोर्टचं काय?

विद्यार्थी संघटनांच्या कारभारावरच्या एका लेखात म्हटलंय की विद्यार्थी संघटनेने दरवर्षी अख्खी कार्यकारिणी बदलावी म्हणजे कारभार पारदर्शक राहतो. ऐकायला छान आहे, पण आपल्याकडे महाराष्ट्रात संघटना 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदलेली असेल, तर पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा लागतो, आणि तो मंजूर होईपर्यंत शेड्यूल वनवर, म्हणजे तिथल्या न्यासाच्या अधिकृत नोंदीत, जुनीच नावं राहतात. हा मुद्दा लेखात कुठेच नाही!

आमच्या जिल्ह्यातल्या मुलांच्या संघटनेत नेमकं हेच झालं. जुना खजिनदार नोकरीला जर्मनीत गेला, बँक नवीन सह्या घेईना, शेड्यूल वनचा उतारा आणा म्हणे, आणि उतारा कुठून आणणार, मागच्या दोन कमिट्यांचे रिपोर्टच भरलेले नव्हते. ते भरायला गेलो तर प्रोसिडिंग बुकात (सभांच्या नोंदवहीत) निवडणुकीचा ठराव होता पण सभेची नोटीस कोणाला, कधी दिली त्याचा कागद नाही, राजीनाम्यांवर तारखा नाहीत. खात्यात पैसे असून गरीब पोरांची मेसची मदत अडकली, याचा फार त्रास झाला.

माझं स्पष्ट मत आहे की विश्वस्त मंडळ पाच वर्षांचं ठेवा, त्यात माजी विद्यार्थी घ्या, आणि दरवर्षी बदलणारी विद्यार्थ्यांची कमिटी संघटनेच्या घटनेतच वेगळी लिहा. कार्यक्रम मुलांनी ठरवावेत, हिशोबही सगळ्यांसमोर वाचावा, पण चेकवरची सही आणि 31 मार्चनंतरचं ऑडिट टिकून राहणाऱ्या माणसांकडेच हवं.