सायलेन्सरच्या उंचीची पोरं

आज लेकाचा स्कार्फ धुवायला काढला, तर त्याला चक्क डिझेलचा वास. पंपावर उभं राहिल्यासारखा. थंडीत नाशकात सकाळी पावणेसातला कसला गारठा असतो माहितीये ना, त्यात स्कूलबसचा धूर वर जातच नाही, खालीच लोळत राहतो, आणि आमच्या इंदिरानगरच्या कोपऱ्यावर सहा-सात पोरं त्यातच उभी.

शाळा सुटताना तर विचारूच नका. एकामागे एक बारा-चौदा बस, इंजिन चालू, आणि पोरं मधल्या फटीतून आपापली बस शोधतायत. सायलेन्सर आपल्या गुडघ्याला लागतो, पहिलीतल्या पोराच्या पार पोटाला. मी एकदा खाली बसून बघितलं, बाकीच्या आया हसल्या, हसू देत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१२ मध्येच डिझेलचा धूर कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलाय, तंबाखू आहे त्याच गटात. आपण पोरांसमोर कुणाला सिगारेट ओढू देतो का? मग हे कसं चालतं?

आणि खरं सांगू, इलेक्ट्रिकवर न्यायला स्कूलबसइतकी सोपी गाडी दुसरी नाही. रूट ठरलेला, रोजचं रनिंग तीस-चाळीस किलोमीटर, आणि पोरं सोडली की दुपारपर्यंत बस उभीच, लावा की चार्जिंगला. एसटीची इलेक्ट्रिक बस, शिवाई, २०२२ पासून पुणे ते नगर धावतेय, शंभरावर किलोमीटर, मग नाशकातल्या नाशकात पाथर्डी फाटा ते कॉलेज रोडला काय धाड भरलीये?

आता कुणीतरी म्हणेलच, वीज कुठून येते ताई, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतूनच ना. बरोबर आहे, कोळसाच जळतो तिथं आणि एकलहऱ्याच्या लोकांना तो भोगावा लागतो, हे मला गुपचूप गिळता येत नाही. पण ती चिमणी उंच आहे आणि सायलेन्सर माझ्या पोराच्या पोटाशी, एवढा फरक तरी मान्य करा.

खरी अडचण पैशाची. ई-बस घ्यायला डिझेलपेक्षा खूप महाग, चालवायला स्वस्त. आपले बसवाले काका म्हणजे एक-दोन गाड्यांचे मालक, डोक्यावर हप्ते, त्यांना ‘इलेक्ट्रिक घ्या’ म्हणायला आपलं काय जातं. केंद्राच्या २०२४ च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत १४,०२८ ई-बस आहेत, पण त्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीसाठी. अमेरिकेनं २०२१ च्या कायद्यात खास स्कूलबस बदलायला ५ अब्ज डॉलर ठेवले. आपल्याकडं कुंभमेळ्याच्या नावानं नाशकात एवढं काय काय चाललंय, त्यात या काकांना स्वस्तात कर्ज आणि शाळेच्या आवारात चार्जर एवढं बसत नाही? शाळाही बसची फी दरवर्षी वाढवतात, त्यातला एक रुपया तरी इकडं वळवा.

परवा मी काकांना म्हटलं, काका, थांबल्यावर इंजिन तरी बंद करत जा. तर म्हणाले, "ताई, बॅटरी उतरलीये, बंद केली तर थंडीत सेल्फ घेत नाही, मग सगळ्या पोरांना उशीर." म्हणजे एका जुन्या बॅटरीपायी रोज वीस मिनिटं धूर! आम्ही आठ पालकांनी कॉन्ट्री काढून काल बॅटरी टाकली. आज सकाळी बस कोपऱ्यावर बंद उभी होती आणि पहिल्यांदाच पोरांची भांडणं ऐकू आली.