तेल गळायचं एवढं खरं

सध्या एक मजकूर हातोहात फिरतो आहे. शाळासोबत्यांपासून भाच्यापर्यंत चौघांनी तो मला पाठवला. उमेदीची वर्षं मी बर्मिंगहॅमला काढली आणि परतताना कपड्यांपेक्षा व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचे पानेच जास्त आणले, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मजकुराचं सार असं: १९६९ पर्यंत ब्रिटिश मोटरसायकलला शर्यतीत कोणी हरवू शकत नव्हतं. मग होंडाची चार सिलिंडरची गाडी आली आणि एका रात्रीत सगळं आटोपलं. आटोपायलाच हवं होतं, कारण ब्रिटिश कामगार आळशी आणि त्याच्या गाडीतून तेल गळायचं. साइडकारच्या शर्यतीत तर एक माणूस नुसता पोत्यासारखा वजनाला ठेवलेला असे. आणि आता नॉर्टन, बीएसए, ट्रायम्फ या तिन्ही कंपन्या आपण विकत घेतल्या, म्हणजे हिशेब चुकता.

तेल गळायचं. बाकी एकेक बघू.

पहिलं, ‘१९६९ पर्यंत कोणी हरवू शकत नव्हतं’. ५०० सीसीचं पहिलं जागतिक विजेतेपद १९४९ मध्ये लेस ग्रॅहमने एजेएस या ब्रिटिश गाडीवर मिळवलं, हे खरं. पुढच्याच वर्षी ते इटलीच्या गिलेराने नेलं. नॉर्टनकडे एकच सिलिंडर होतं, पण बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसने बनवलेली ‘फेदरबेड’ चौकट होती. ती वळणावर इतकी ठाम बसायची की ताकदीतली तूट बरीचशी तिथेच भरून निघे. त्या चौकटीवर जेफ ड्यूकने १९५१ चं विजेतेपद जिंकलं. दोनच वर्षांनी हाच ड्यूक गिलेराकडे गेला आणि त्याने सलग तीन वर्षं विजेतेपद घेतलं. घरचा सर्वांत मोठा स्वार परक्या गाडीवर गेला, यातच काय ते आलं. १९५१ नंतर त्या वर्गाचं विजेतेपद एकाही ब्रिटिश गाडीला मिळालेलं नाही.

साइडकारमध्ये हीच गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. १९४९ ते १९५३ ही पाचही वर्षं नॉर्टनची. त्यातली चार एरिक ऑलिव्हरची, एक सिरिल स्मिथचं. १९५४ मध्ये बीएमडब्ल्यूचं आडवं दोन सिलिंडरचं इंजिन आलं आणि १९७४ पर्यंत, दोन वर्षांचा अपवाद सोडला तर, विजेतेपद त्याच इंजिनाकडे राहिलं. ते दोन अपवादही जर्मनच होते, हेल्मुट फाथच्या कार्यशाळेत जन्मलेल्या यूआरएस इंजिनाचे. १९६२ मध्ये ख्रिस व्हिन्सेंटने जुन्या धाटणीच्या, पुशरॉडच्या बीएसएवर साइडकार टीटी, म्हणजे आयल ऑफ मॅन बेटावरच्या रस्त्यांवर होणारी ‘टूरिस्ट ट्रॉफी’ शर्यत जिंकली, पण पुढच्या बीएमडब्ल्यू बाद झाल्यावर. बर्मिंगहॅमला राहणारे आम्ही सगळे तो विजय गणपतीसारखा दरवर्षी बसवायचो, ही गोष्ट वेगळी. होंडा त्या बेटावर पहिल्यांदा उतरली १९५९ मध्ये, तीही १२५ सीसीच्या गाड्या घेऊन. तोवर मोठ्या वर्गातलं बरंचसं इटालियन आणि जर्मन गाड्यांनी नेलेलं होतं.

‘एका रात्रीत’ वाचून मला हसू आलं, कारण ती रात्र मी डोळ्यांनी पाहिली आणि ती चांगली पंधरा वर्षं चालली. होंडाची सीबी ७५० टोकियोच्या प्रदर्शनात १९६८ च्या शरदात दिसली. त्याच वर्षी ट्रायम्फ ट्रायडेंट आणि बीएसए रॉकेट थ्री या तीन सिलिंडरच्या गाड्या बाजारात आल्या होत्या. म्हणजे ब्रिटिशांना मोठं इंजिन सुचलं नाही असं नव्हे. बर्ट हॉपवूड आणि डग हील यांचा चालता नमुना त्याच्या काही वर्षं आधी तयार होता. तो पडून राहिला. शेवटी गाडी आली तेव्हा तिला किक मारावी लागे, पुढे ड्रम ब्रेक आणि गिअर चार. होंडाला बटण दाबलं की इंजिन सुरू, पुढे डिस्क ब्रेक, गिअर पाच. गिऱ्हाईक काय घेणार?

आणि कळलं नव्हतं म्हणाल, तर तेही नाही. ट्रायम्फच्या ‘स्पीड ट्विन’ गाडीचा जनक आणि ट्रायम्फचा सर्वेसर्वा एडवर्ड टर्नर १९६० मध्ये स्वतः जपानला जाऊन तिथले कारखाने बघून आला होता. त्या उत्पादनाचा आवाका किती अफाट आहे, हे त्याने परतल्यावर लिहून दिलं. पुढे काय झालं? बीएसए समूहाने एका जुन्या हवेलीत संशोधन केंद्र थाटलं. तिथून १९७१ च्या हंगामासाठी जी नवी चौकट आली, तिच्या नळीतच तेल साठवलेलं आणि सीट इतकी उंच की मध्यम उंचीच्या माणसाचे पाय जमिनीला जेमतेम टेकत. अमेरिकेतला विक्रीचा हंगाम हुकला, तोटा डोंगराएवढा झाला. १९७३ मध्ये सरकारी पैशाने नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ ही मोट बांधली गेली, आणि ट्रायम्फचा मेरिडनचा कारखाना बंद करणार म्हटल्यावर तिथल्या कामगारांनी दरवाजे अडवून ठाण मांडलं. त्याच ‘आळशी’ कामगारांनी पुढे सहकारी तत्त्वावर १९८३ पर्यंत ट्रायम्फ बनवत ठेवली.

आता तेल. याबद्दल मी जरा हळवा आहे, कारण त्या गळणाऱ्या सुट्या भागांपैकी काही माझ्या हातून गेलेले असणार. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या धुरात वाढलेला मी १९६७ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका मशीनशॉपमध्ये लागलो. विलायतेत सगळं चकचकीत असेल अशी समजूत होती. माझ्या वाट्याला आलेल्या मिलिंग मशीनवर युद्धाच्या आधीची पाटी होती, आणि तिच्या टेबलाला इतकी ढिलाई होती की शेवटचा छेद आम्ही अंदाजाने, हात दाबून घ्यायचो. उद्यमनगरात याहून बरी मशीनं मी सोडून आलो होतो. मजुरी नगावर. जो पृष्ठभाग सपाट यायला हवा, तो सपाट येण्यासाठी म्हाताऱ्या कारागिरांची चाललेली धडपड मी रोज बघायचो.

त्यात रचनाच अशी. क्रँककेसचे, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचे, दोन अर्धे उभ्या सांध्याने जोडलेले, म्हणजे सांधा थेट तेलात. दोन्ही पिस्टन एकाच वेळी खाली येणार, आत हवा दाबली जाणार आणि ती फट शोधणार. वरून पुशरॉडच्या नळ्यांची सीलं, बाजूला प्राथमिक साखळीचं झाकण. जपान्यांनी क्रँककेस आडवी कापली, नवी मशीनं घेतली आणि प्रश्न मुळातच सोडवला. यात आळस कुठे आला? मशीन विकत घेण्याचा निर्णय कामगार घेत नसतो.

गळणारी गाडी हरतेच असंही नाही. शर्यतीच्या एका ट्रायडेंटचं नावच ‘स्लिपरी सॅम’ पडलं, कारण १९७० च्या बोल दोर या चोवीस तासांच्या शर्यतीत तिने स्वाराला तेलाने न्हाऊ घातलं. याच सॅमने १९७१ ते १९७५ अशी सलग पाच वर्षं आयल ऑफ मॅनची प्रॉडक्शन टीटी, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या गाड्यांची शर्यत, जिंकली.

‘आपण विकत घेतल्या’ हे दोन तृतीयांश बरोबर. बीएसएचं नाव २०१६ मध्ये महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सकडे आलं, नॉर्टन २०२० मध्ये टीव्हीएसने घेतली. ट्रायम्फ मात्र आपण विकत घेतलेली नाही. बजाजशी तिची भागीदारी आहे, ४०० सीसीच्या ट्रायम्फ चाकणला बनतात, मालकी ब्रिटिशच आहे. पुणेकरांनी छाती फुगवायला चाकण पुरेसं आहे, खोटं सांगायची गरज नाही.

राहिलं ते पोतं. या एका शब्दासाठी मी लिहायला बसलो.

रविवारी मी लेस्टरशायरमधल्या मॅलरी पार्कला जायचो. तिथे एक अगदी अरुंद, उजवीकडे दुमडणारं हेअरपिन वळण आहे. ब्रिटिश गाड्यांना ‘चेअर’, म्हणजे साइडकार, डावीकडे, आपल्याकडे असे तशीच. गाडी तीनचाकी, म्हणजे स्वाराला ती कलवता येत नाही. उजवं वळण आलं की साथीदार सरपटत स्वाराच्या पाठीमागे येई आणि मागच्या चाकावर अंग टाकून उजवीकडे झुके, नाहीतर चाकाची पकड जाते. डावं वळण आलं की चेअरचं चाक हवेत उचलू बघतं. तेव्हा तोच माणूस डावीकडे बाहेर लोंबकळे, खांदा रस्त्यापासून वीतभर वर. ब्रेक लागताना दबून, सरळ रस्त्यावर पालथा. एका फेरीत हे कितीदा तरी, आणि सगळं स्वाराच्या आधी क्षणभर. उशीर झाला तर दोघेही गवतात.

१९२३ मध्ये पहिली साइडकार टीटी फ्रेडी डिक्सनने डग्लसवर जिंकली. तिची साइडकार कलणारी होती आणि कलवायचा दांडा साथीदार वॉल्टर डेनीच्या हातात होता. म्हणजे अर्धी गाडी तोच चालवत होता. १९४९ मध्ये ऑलिव्हरबरोबर पहिला जागतिक विजेता ठरलेला डेनिस जेंकिन्सन पुढे १९५५ च्या मिले मिग्लिया या इटलीतल्या मोटारींच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या शेजारी बसला आणि कागदाच्या लांबलचक गुंडाळीवरून एकेक वळण हाताच्या खुणांनी सांगत राहिला. ती शर्यत ते जिंकले. इंगे श्टॉल १९५४ मध्ये टीटीत उतरलेली पहिली स्त्री, तीही साथीदार म्हणूनच. चार वर्षांनी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोच्या शर्यतीत ती आणि तिचा स्वार झाक द्रियों दोघेही अपघातात मरण पावले. फाथचा साथीदार आल्फ्रेड वोल्गेमुथ १९६१ मध्ये जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर अपघातात मरण पावला. पोत्याला मरण येत नसतं.

माझ्याकडे तेव्हा ६५० सीसीची बीएसए गोल्डन फ्लॅश होती, घरगुती साइडकार जोडलेली. १९५९ मध्ये पाचशे पौंडांच्या आत मिनी मोटार मिळू लागल्यापासून कुटुंबवाल्यांनी साइडकारी फुंकून टाकल्या, म्हणून मला परवडली. आमची ही लग्न होऊन आली ती थेट त्या चेअरमध्येच बसली. वेल्सच्या घाटात डावं वळण आलं की मांडीवरचा डबा सावरत आपोआप डावीकडे बाहेर रेलायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

ती बाळंतपणासाठी माहेरी आली तेव्हा चेअर रिकामी पडली. रिकाम्या चेअरने डावं वळण घेणं धोक्याचं, म्हणून मी तिच्या जागी कोळशाचं एक पोतं ठेवलं. वजन अंदाजे तेवढंच. पहिल्याच डाव्या वळणावर चेअरचं चाक वर उचललं गेलं, मी हँडल उजवीकडे सोडलं आणि समोरच्या माणसाच्या कुंपणात शिरलो. पोतं जागच्या जागी सरळ बसून होतं.