हातमोजे काढा, मग पुढचं बोलू

महिन्याभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. ‘घरगुती लेथवाल्यांसाठी सात सोनेरी नियम’, आणि खाली ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’. शेवटचा पाठवणारा माझाच भाचा. त्यानं नुकताच टेबलावर बसणारा लहान लेथ (धातू फिरवत कापायचं मशीन) घेतलाय आणि मॉडेलचं ऑइल इंजिन करायचं त्याच्या डोक्यात बसलंय. ‘मामा, हे वाचा, लई भारी माहिती हाय,’ असं वर लिहिलेलं. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात अठ्ठावीस वर्षं टर्नर, म्हणजे लेथवरचा कारागीर, होतो. आता परड्यातल्या शेडमध्ये हौसेपोटी लहान इंजिनं करत बसतो. म्हणून वाचलं, आणि चहा गार झाला.

नियम असे: हातमोजे घातल्याशिवाय लेथ चालू करू नका. एचएसएस (हाय-स्पीड स्टीलचं) टूल जुनाट झालं, कार्बाइडच (त्याहून कडक, पण ठिसूळ) वापरा. स्पीड जितका जास्त तितकं फिनिशिंग चांगलं. बेड (लेथचा लांब पाया) लेव्हलमध्ये नसेल तर जॉब (कापायचा तुकडा) टेपर, म्हणजे निमुळता, येणारच. कास्टिंगवर (ओतीव तुकड्यावर) पहिला कट हलका घ्या आणि कूलंट (गार ठेवणारं तेल-पाणी) भरपूर सोडा. काम झालं की हवा मारून मशीन साफ करा. चकची (जॉब धरून फिरणाऱ्या जबड्याची) चावी चकमध्ये विसरू नका.

यातला शेवटचा सोळा आणे खरा. बाकीचे बहुतेक मोठ्या कारखान्यातून उचललेले दिसतात. गोकुळ शिरगावच्या किंवा शिरोलीच्या एखाद्या सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपमध्ये यातलं बरंचसं चालून जातं. तिथं मशीन टनांत भरतं, कट घेताना दार बंद असतं आणि एकच जॉब हजारांनी निघतो. आपलं मशीन दोन माणसं उचलून माडीवर नेतात आणि आपल्याला पिस्टन एकच करायचा असतो. हातमोज्यांचा नियम मात्र कुठल्याच लेथवर चालत नाही, म्हणून आधी तोच.

भाचा म्हणाला, ‘अहो, अर्धा हॉर्सपॉवरची मोटर. तिला काय होतंय?’ त्याला हिशेब करून दाखवला. १०० मिमीचा चक एका फेऱ्यात ३१ सेंटिमीटर कापड गुंडाळतो. ३०० आरपीएम (मिनिटाला ३०० फेरे) म्हणजे सेकंदाला पाच फेरे, म्हणजे दीड मीटर. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंतचा हात सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात आत. तेवढ्यात माणूस ‘आई गं’ म्हणायचा, स्विचपर्यंत हात कुठला पोचतोय? उघडी कातडी घासली तर सोलवटते, पण बऱ्याचदा सुटते. मोजा एकदा धरला गेला की सुटत नाही, तो आतल्या बोटांसकट जातो. मी नवीन असताना शेजारच्या लेथवरच्या पोराचा सुती मोजा असाच बरीत, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या किसात, अडकला. त्याची दोन बोटं गेली. मशीनही तसं मोठं नव्हतं.

जे मोज्याला, तेच पूर्ण बाहीला, अंगठीला, मनगटावरच्या जोतिबाच्या दोऱ्याला आणि गळ्यातल्या माळेला. देवाचं काढून ठेवायला जीवावर येत असेल तर बाही कोपराच्या वर दुमडा आणि दोरा दंडावर बांधा. पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून फिरत्या जॉबवर धरायचा नाही. बर काढायला सळईचा आकडा करून घ्या, तीही मशीन थांबवून. मोजे वापरा ते लोखंड उचलताना, मशीन बंद असताना. चष्मा मात्र कायम डोळ्यावर हवा, आणि गंमत म्हणजे मेसेजात चष्म्याचा उल्लेखही नाही.

आता टूल आणि स्पीड. हे दोन नियम एकमेकांना धरून आहेत, म्हणून एकत्रच घेतो. माइल्ड स्टीलला एचएसएस टूल मिनिटाला साधारण २५ ते ३० मीटर वेगानं कापतं, कार्बाइड शंभराच्या पुढं. २० मिमीच्या सळईवर हे आरपीएममध्ये मांडलं तर एचएसएसला ४०० ते ४८० लागतात आणि कार्बाइडला १२० मीटर धरले तरी १९००. मेसेज वाचून एचएसएस टूल २००० वर पळवलंत तर टोक निळं पडून बसेल, आणि मग तुम्हीच म्हणणार की एचएसएस टाकाऊ. उलट कार्बाइड ४०० वर चालवलं तर ते कापण्यापेक्षा ओरबाडतं, जॉबवर फाटल्यासारखी खरखर येते.

मोठ्या व्यासाला तर गणित आणखी उलटं फिरतं. १५० मिमीचं बिडाचं फ्लायव्हील एचएसएसनं मारायचं तर मिनिटाला १८ मीटर धरून आरपीएम येतात ३८. बऱ्याच लहान लेथवर इतका कमी स्पीड मिळत नाही, आणि मिळाला तरी इलेक्ट्रॉनिक कंट्रोलवर मोटरचा जोर मरतो. जुन्या पट्ट्याच्या लेथला फेरे कमी करून जोर वाढवणारा बॅक गिअर असायचा तो याचसाठी. तिथं कार्बाइड लावा, माझी हरकत नाही.

पण शेवटचा कट कार्बाइडनं घेऊन पिस्टन मापात आणायचा म्हणाल, तर तिथं माझं जमत नाही. कार्बाइडच्या साध्या इन्सर्टची (टूलवर बसवायच्या तयार टोकाची) धार कारखान्यातूनच किंचित गोल केलेली असते, ती टवका उडू नये म्हणून. टोकाची गोलाई ०.४ किंवा ०.८ मिमी. त्याला तेवढ्याच अंदाजाचा कट लागतो. तुम्हाला काढायचे असतात ०.०३ मिमी. टूल आधी नुसतं घासतं, जॉब मागं दबतो, माप हलत नाही. म्हणून तुम्ही आणखी थोडं आत सरकवता आणि एकदम ०.०८ निघून जातात. पिस्टन सिलिंडरमध्ये खुळखुळतो. अॅल्युमिनियमसाठी घासून धार लावलेले, चकचकीत इन्सर्ट मिळतात. ते लहान लेथवर स्टीललाही बरे चालतात, पण धारेला जपावं लागतं.

माझ्या वस्तादांची रीत सांगतो. ते ग्राइंडरवर एचएसएस बिट घासायचे. पुढची सूट (धारेखालची मोकळीक) आठ-दहा अंश, स्टीलला वरून उतार दहा-पंधरा, पितळेला उतार शून्य, कारण पितळेत उताराचं टूल स्वतःच आत घुसतं. मग तेलाच्या दगडावर धारेचा खरखरीतपणा मोडायचे, आणि शेवटी धार अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवायचे. घसरली तर परत दगडावर. नखात अडकली तर ‘लाव’. त्या टूलनं केसासारखी बर निघायची. घासताना एचएसएस पाण्यात बुडवलं तर काही बिघडत नाही. ब्रेझ केलेलं (झाळ देऊन दांड्यावर बसवलेलं) कार्बाइड तापलेलं असताना पाण्यात बुडवलंत तर तडकतं. त्याला दगडही वेगळा, हिरवा लागतो. हे सगळं शिकायला दोन रविवार जातात. इन्सर्टचा डबा मागवायला दोन मिनिटं, हे खरंय.

लेव्हलचा नियम सगळ्यात जास्त लोकांना फसवतो, कारण तो ऐकायला शहाणा वाटतो. भाच्यानं त्यापायी महागडी लेव्हल मागवायची तयारी केली होती. मी विचारलं, बोटीवर इंजिन रूममध्ये लेथ असतो, ऐकलंयस का? बोट डोलत असते. तिथं कुठली लेव्हल? तरी शाफ्ट सरळ निघतो. लेथला जमिनीशी काही देणंघेणं नसतं. बेडला पीळ नको, एवढंच त्याला हवं. लेव्हल लावतात ती दोन्ही टोकांना सारखंच माप येतंय का, म्हणजे पीळ आहे का, ते शोधायला. दोन्ही टोकांना बुडबुडा सारखाच एका बाजूला गेला असेल तर काही बिघडत नाही.

आणि पीळ शोधायला लेव्हलचीही गरज नाही. २५-३० मिमीची जाड सळई चकमधून १५० मिमी बाहेर काढा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) लावू नका. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना दोन कॉलर (उंच कडी) ठेवा. धारदार एचएसएसनं क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर सरकवणारा भाग) न हलवता दोन्ही कॉलरवर हलका कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा. कट जड घेतला तर सळई वाकून खोटं माप दाखवते. भाच्याच्या लेथवर लांबची कॉलर ०.०४ मिमीनं मोठी आली. म्हणजे त्या टोकाला टूल जॉबपासून लांब राहतंय. टेलस्टॉककडच्या पुढच्या पायाखाली शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घातला की बेड त्या टोकाला किंचित मागं कलतो आणि टूल आत जातं. शिम म्हणून कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापला, तो साधारण ०.१ मिमी असतो. बोल्ट आवळून परत कट घेतला. तीन खेपांत फरक मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आत आला. लेव्हलचे पैसे वाचले, ते त्यानं माप बघायच्या डायलवर घातले.

कास्टिंगबद्दल कोल्हापुरात तरी कुणी असं लिहू नये. शहराच्या चारी बाजूंना फाउंड्र्या आहेत, ओळखीनं एखादं लहान कास्टिंग कुणीही ओतून देतो. त्या बिडाच्या कातडीत वाळू भाजून बसलेली असते आणि बारीक कडा लवकर थंड झाल्यानं काचेसारख्या कडक होतात. हलका कट म्हणजे टूलचं टोक नेमकं त्या वाळूतूनच चालतं. पाच मिनिटांत बोथट. पहिला कट कातडीच्या खालून, दीड-दोन मिमी गेला पाहिजे. लेथ तेवढा झेपत नसेल तर कातडी आधी ग्राइंडरनं किंवा जुन्या फायलीनं उतरवा. कड फारच कडक असेल तर लालबुंद तापवून चुलीच्या राखेत रात्रभर पुरून ठेवा, बरीच मऊ येते.

कूलंट तर नकोच. बिडात ग्राफाइट असतंच, ते कोरडंच छान कापतं. त्याची भुकटी तेल-पाण्यात कालवली की घासायची पेस्ट तयार होते आणि ती बेडवर बसते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून भुकटी गोळा करा, मग पिशवी उलटी करा. हात काळे होतात, तेवढं चालायचंच.

हवा मारण्याचंही तेच. ती बर सॅडलच्या (टूल घेऊन बेडवर सरकणाऱ्या भागाच्या) खाली आणि स्क्रूच्या आट्यांत कोंबते, उरलेली डोळ्यात. रंगाचा जुना ब्रश घ्या. त्यानंतर बेडवर तेलाचा हात फिरवा, पावसाळ्यात तर रोज. प्लास्टिकच्या कागदानं झाकू नका, खाली घाम धरतो. तेलकट सुती कापड पुरतं. २०१९ च्या पुरात माझ्या एका मित्राचा लेथ तीन दिवस पाण्यात होता. पाणी ओसरल्याच्या संध्याकाळी त्यानं सगळा सुटा करून रॉकेलनं धुतला आणि तेलात ठेवला, तो अजून चालतो. मोटर मात्र गुंडाळायला टाकावी लागली.

राहिली चकची चावी. मी शेडमध्ये स्विचच्या वर एक खिळा मारलाय. चावी त्या खिळ्यावर लटकलेली दिसल्याशिवाय बोट स्विचवर न्यायचं नाही. भाच्यालाही तसाच खिळा मारून दिला. परवा त्याच्याकडं गेलो तर चावी खिळ्यावर होती, आणि शेजारी दुसऱ्या खिळ्यावर त्याचे नवेकोरे हातमोजे.

‘ते काय?’ म्हटलं.

‘सळई उचलायला, मामा.’

मेसेज त्यानं अजून डिलीट केलेला नाही.