कोपऱ्यांचा पंच आणि माझी पंचाईत

आईबाबांच्या लग्नाला २०२५ च्या मे महिन्यात ५० वर्षे पूर्ण होणार होती. त्यानिमित्त भावाने हॉल ठरवला, बहिणीने आचारी ठरवला, बायकोने पाहुण्यांची यादी केली आणि ज्याच्याकडे कोणतेही महत्त्वाचे काम सोपवू नये याविषयी घरात पूर्ण एकमत आहे, त्या माझ्या वाट्याला जुन्या फोटोंचा अल्बम आला. ‘नुसते फोटो तर चिकटवायचे आहेत,’ असे बायको म्हणाली. या घरात ‘नुसते’ या शब्दाने सुरू झालेल्या प्रत्येक कामाचा शेवट माझ्या बोटाला पट्टी बांधण्यात झालेला आहे.

फोटो साडीच्या एका जुन्या खोक्यात होते आणि मोजले तेव्हा ११२ भरले. त्यांत मामाच्या आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेले लहान चौकोनी फोटो होते. त्या कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बाराच फोटो निघत असल्यामुळे मामा बटण दाबण्यापूर्वी सगळ्यांना इतका वेळ उन्हाकडे तोंड करून उभे करी की, त्या फोटोंतला प्रत्येक नातेवाईक कोणाचा तरी सूड घ्यायच्या विचारात असल्यासारखा दिसतो. स्टुडिओवाल्याने जाड कागदावर करून दिलेले लग्नाचे काळेपांढरे फोटो होते. शिवाय ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो होते आणि ते चिकट पानांच्या एका अल्बममध्ये असे रुतून बसले होते की, दातांच्या फटी साफ करायचा दोरा फोटोखालून करवतीसारखा फिरवून एकेक फोटो सोडवावा लागला. तो दोरा मी दातांसाठी आजवर एकदाही वापरलेला नाही.

या सगळ्यांचे दुखणे मात्र एकच होते, ते म्हणजे कोपरे. फोटो कुठेही आपटला, पडला, खोक्यात कोंबला तरी पहिला मार कोपऱ्याला बसतो. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो. कोपरा दुमडला की तो तडकतो आणि मग खालच्या कागदाचे पदर सुटू लागतात. आमच्या ११२ फोटोंत धड म्हणावा असा कोपरा शोधायला गेलो तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडले. कन्येला मी ही व्यथा सांगितली. ती मोबाइलमधून डोके न काढता म्हणाली, “बाबा, कॉर्नर पंच आणा ना. कोपरे गोल केले की छान दिसतं.” एवढे बोलून ती कॉलेजच्या शिबिराला निघून गेली आणि ‘कशाचे कोपरे’ हा पुढचा प्रश्न विचारण्याचे मला त्या वेळी सुचले नाही.

उलट मला तिचे म्हणणे एकदम पटले. खिशातले एटीएम कार्ड काढून पाहिले. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ते ८५.६० मिलीमीटर लांब, ५३.९८ मिलीमीटर रुंद असते आणि त्याच्या गोल कोपऱ्याची त्रिज्यासुद्धा, सुमारे तीन मिलीमीटर, ठरवून दिलेली असते. जगभरातल्या बँकांनी ज्या बाबतीत हुज्जत न घालता एका आकड्यावर सही केली, ती गोष्ट आमच्या आत्याच्या बारशाच्या फोटोला का लागू होऊ नये, असा मी विचार केला आणि रविवार पेठेत बोहरी आळी गाठली.

दुकानदाराने काउंटरवर एक वस्तू ठेवली. कागदाला भोके पाडायच्या पंचिंग मशीनचे हे शहरात शिकून आलेले भावंड असावे, असे तिचे रूप होते. तळहातात मावेल असे प्लॅस्टिकचे अंग, त्याच्या तीन बाजूंना तीन फटी, प्रत्येक फटीच्या आत लपलेले वाकडे पाते, वर अंगठ्याने दाबायचा दट्ट्या आणि खाली कात्रण साठवण्यासाठी पारदर्शक कप्पा. एका बाजूने चार, दुसऱ्या बाजूने सात आणि तिसऱ्या बाजूने दहा मिलीमीटर त्रिज्येचा गोल कोपरा कापला जातो. “लहान मुलंसुद्धा करतात, काका,” असे म्हणून त्याने माझ्या कोपराला गूळ लावला आणि एका लग्नपत्रिकेचा कोपरा माझ्या डोळ्यांदेखत ‘कट्’ असा आवाज करून उडवला. त्या आवाजाने माझा घात केला. पावती न घेताच मी बाहेर पडलो.

घरी येऊन पहिला फोटो घेतला तो सात वर्षांच्या माझा, गॅदरिंगमध्ये शिवाजी महाराजांच्या वेषातला. कोपरा फटीत सरकवला, दोन्ही कडा आतल्या भिंतींना टेकल्याची खात्री केली, अंगठा दाबला. कट्. जुना, मळका, फुटलेला कोपरा गेला आणि त्या जागी असे गुळगुळीत वळण आले की, मी ते चार वेळा बोटाने चाचपून पाहिले. आयुष्यात ज्याच्या सांगण्याने साधी रिक्षाही थांबत नाही, अशा माणसाच्या अंगठ्याला अचानक एवढा अधिकार मिळाला, तर त्याचे काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी. पुढच्या अर्ध्या तासात मी ३० फोटो उरकले. फोटो संपत आले की काय या धास्तीने मध्येच किराणा दुकानाच्या बिलाचेही कोपरे गोल केले.

३१ व्या फोटोपाशी पंचाने आपले खरे रूप दाखवले. तो लग्नातला जाड कागदाचा फोटो ५० वर्षांत नौकेसारखा वाकला होता आणि फटीत जाता जात नव्हता. तो दाबून सपाट केला, आत ढकलला, अंगठ्याने जोर लावला. आवाज ‘कट्’ असा न येता ‘कर्र’ असा आला आणि दट्ट्या खाली गेला तो वर येईना. पाते फोटोत रुतलेले, फोटो पंचात अडकलेला, आणि फोटोत माझे दोन्ही आजोबा व्याहीभेट घेत उभे. मी ओढले तर व्याही फाटणार, सोडले तर तसेच अडकून राहणार. अखेर भाजीच्या सुरीचे टोक खालून घालून, स्प्रिंगला गोंजारून, क्वचित शिव्या देऊन सुटका झाली. पंचाला धार नसेल तर ॲल्युमिनियमचा कागद घडी करून कापावा आणि तो अडकू लागला तर मेणकागद कापावा, म्हणजे तो सुतासारखा सरळ येतो, असा यावरचा सर्वमान्य उपाय आहे. मी पोळ्या गुंडाळायचा अर्धा रोल त्याला खाऊ घातला. दुसऱ्या दिवशी डब्यातल्या पोळ्या वर्तमानपत्रात आल्या आणि त्याबद्दल मी ऑफिसात काही बोललो नाही.

यापुढे अडचणी ओळीने येऊ लागल्या. फोटोचा कोपरा मुळात काटकोनात नसेल, आणि जुन्या फोटोंचा तो बहुधा नसतोच, तर वळण आणि सरळ कड जिथे भेटतात तिथे केसाएवढा एक खुंट शिल्लक राहतो. भिंगाखेरीज तो दिसत नाही. पण एकदा दिसला की दुसरे काही दिसत नाही. तो खुंट काढायला पुन्हा पंच मारावा, तर दुसऱ्या बाजूला खुंट येतो. त्यासाठी चारची बाजू सोडून सातची आणि मग सातची सोडून दहाची घ्यावी लागते. त्रिज्या चारवरून दहावर गेली की छाटल्या जाणाऱ्या तुकड्याचे क्षेत्रफळ सहापटीहून अधिक होते, हे गणित मला नंतर सुचले. मामाचे फोटो पुरते सहा सेंटीमीटरसुद्धा नसलेले चौरस. त्यांना दहाची बाजू लावल्यावर आमची मावशी साबणाच्या वडीवर छापल्यासारखी दिसू लागली. काही फोटोंना त्या काळच्या फॅशनप्रमाणे करवती कडा होत्या. त्यांचे कोपरे गोल केल्यावर उंदराने चारही बाजू कुरतडल्या आणि कोपऱ्यांपाशी आल्यावर त्याला पश्चात्ताप झाला, असा देखावा तयार झाला.

तरीही मी थांबलो नाही. ११२ फोटोंचे ४४८ कोपरे होतात. तिसऱ्या रात्री ४४८ वा कोपरा पडला तेव्हा माझ्या अंगठ्यावर टपोरा फोड होता आणि पंचाचा कप्पा तिसऱ्यांदा भरून कात्रण बाहेर सांडत होते. कन्या त्याच रात्री शिबिराहून परत आली. टेबलावरचा ढीग पाहून ती दारातच उभी राहिली. “बाबा, ओरिजिनल फोटो कापले? मी मागच्या कार्डशीटचे कोपरे म्हणत होते. फोटो स्कॅन करायचे असतात!” मी अत्यंत शांतपणे तिला जेवून घ्यायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी आईबाबांपुढे फोटो मांडले. आईने समोरची बाजू पाहिली आणि बाबांनी, सवयीप्रमाणे, मागची. जन्मभर हिशेबनीस म्हणून काम केल्यामुळे त्यांनी प्रत्येक फोटोच्या पाठीमागे, डाव्या हाताच्या अगदी कोपऱ्यात, शाईच्या पेनाने तारीख घातलेली आहे. मंगलाष्टकांचा फोटो उलटा करून त्यांनी चष्मा वर सरकवला. तिथे ‘२१-५-७५’ असे लिहिलेले होते. त्यातला पहिला ‘२’ माझ्या दहाच्या बाजूने नेला होता.

“अगं, आपलं लग्न एक मेला झालं?” बाबांनी विचारले.

“बरं झालं,” आई म्हणाली, “आता महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, तेवढी तरी लक्षात राहील तुमच्या.”

बाबांनी मग पंचनामाच आरंभला. कप्प्यातले सगळे कात्रण वर्तमानपत्रावर ओतले, चिमटा मागवला आणि तो ‘२’ शोधायला बसले. दुपारपर्यंत त्यांना एक ‘७’, दोन ‘१’ आणि स्टुडिओच्या उठावाच्या शिक्क्याचा एक तुकडा सापडला. ‘२’ सापडला नाही.

खरा आघात मात्र संध्याकाळी झाला. ‘चिकट पानांचा अल्बम पुन्हा घरात नको,’ असे आईने परस्पर ठरवले होते आणि बहिणीकडून तिने जुन्या पद्धतीचा अल्बम मागवला होता. काळी जाड पाने, दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर आणि फोटो अडकवायला मागून चिकटणारे, सोनेरी किनारीचे कागदी त्रिकोणी कोपरे. डिंक फोटोला लागत नाही, फोटो हवा तेव्हा निघतो, पद्धत सोळा आणे चोख. आईने माझा शिवाजी महाराजांच्या वेषातला फोटो घेतला, त्याच्या चारही कोपऱ्यांवर चार त्रिकोण चढवले आणि काळ्या पानावर दाबला. फोटो सुंदर बसला. गोल कोपरा तेवढा कुठे दिसेना. तो त्रिकोणाच्या पोटात नाहीसा झाला होता. मी खाली वाकून, दिवा जवळ आणून, बाजूने पाहिले. ४४८ कोपरे, तीन रात्री, अर्धा रोल पोळ्यांचा कागद आणि एक अंगठा, सगळे त्या सोनेरी किनारीखाली गेले होते.

समारंभात अल्बम हातोहात फिरला. ‘फोटो किती छान ठेवलेत हो, कोपरेसुद्धा जागच्या जागी आहेत,’ असे शेजारच्या काकू म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे पाहिले; मी श्रीखंडाकडे पाहिले.

तेवढ्यात आत्याने पर्समधून लॅमिनेट केलेले आधार कार्ड काढले. त्याचे टोक पर्सचे अस्तर फाडते, ही तिची जुनी तक्रार होती आणि ‘तुझ्याकडे ते कसलंसं यंत्र आहे ना’ हे तिला कन्येने सांगितलेले होते. मी खिशातून पंच काढला. तो खिशात का होता, हे विचारू नये. चारची बाजू लावली, अंगठा टाळून तळहाताने दाबले. कट्. आत्याने नव्या कोपऱ्यावरून बोट फिरवले, पर्समध्ये कार्ड दोनदा आत-बाहेर केले आणि खुर्चीवरून मोठ्याने हाक मारली, “अगं, तुमची सगळ्यांची आधार कार्डं आणा गं इकडे!”

मी मोजले तेव्हा रांगेत १९ जण होते आणि सगळ्यांत पुढे, डॉक्टरांच्या फाइलमधले लॅमिनेट केलेले कागदही बरोबर घेऊन, बाबा उभे होते. “तारीख बघून काप,” एवढेच ते म्हणाले.