ट्रान्झिस्टर तापतो म्हणून बदलायचा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या कार रेडिओच्या ऑडिओ भागाच्या दुरुस्तीवर मी लिहिलं, त्यावर तुम्ही सविस्तर आणि चांगलीच कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आउटपुट ट्रान्झिस्टरला हात लावला की चटका बसतो, म्हणजे तो गेलेलाच होता आणि मी तो तसाच ठेवला हा निष्काळजीपणा. सगळे कंडेन्सर सरसकट बदलले असते तर काम कधीच संपलं असतं, मोजमापांचं पाल्हाळ कशाला? आणि शेवटचा टोला म्हणजे, यापेक्षा आत तयार अँप्लिफायर बोर्ड बसवून मोकळं व्हावं. तुमच्या स्वतःच्या सेटमध्ये तुम्ही सिलिकॉन ट्रान्झिस्टर घातलाय, तो मस्त चालतो, ‘फक्त बारीक आवाजात जरा फाटतो’, असंही तुम्ही लिहिलंय. त्या ‘फक्त’बद्दल शेवटी बोलतो.

आधी चटक्याचं बघू. हा सेट हायब्रिड आहे. पुढचे व्हॉल्व्ह थेट 12 व्होल्टवर चालणारे आणि शेवटी एकच जर्मेनियम पॉवर ट्रान्झिस्टर. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात असे सेट भरपूर निघाले, कारण त्यामुळे व्हायब्रेटर (व्हॉल्व्हसाठी बॅटरीचा व्होल्टेज वाढवायला लागणारा, सतत थरथरणारा स्विच) आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर ही सगळी कटकट गेली. यातली आउटपुट स्टेज क्लास ए असते. रेडिओवर गाणं लागलेलं असो की नुसती शांतता असो, ट्रान्झिस्टरमधून करंट वाहतच राहतो. हिशेब करा: 12 व्होल्टवर 0.7 अँपिअर म्हणजे सुमारे 8 वॅट. क्लास ए स्टेजची कार्यक्षमता अगदी आदर्श स्थितीतही 50 टक्क्यांपलीकडे जात नाही. आवाज बंद असताना तर हे 8 वॅट जवळजवळ सगळेच उष्णता होऊन बाहेर पडतात. म्हणून तर त्याला एवढ्या जाड धातूवर, मधे अभ्रकाची चकती घालून बसवलेलं असतं. असल्या सेटमध्ये ट्रान्झिस्टर गार लागला तर मला जास्त काळजी वाटते.

आता तुमचा आक्षेप खरा कुठे ठरला असता ते सांगतो. जर्मेनियमचा लीकेज करंट (ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा करंट) तापमान साधारण 10 अंशांनी वाढलं की दुप्पट होतो. लीकेज वाढला की कलेक्टरचा करंट वाढतो (ट्रान्झिस्टरला बेस, एमिटर आणि कलेक्टर अशी तीन टोकं असतात), त्याने उष्णता वाढते, तिने पुन्हा लीकेज. हे चक्र आवरेनासं झालं की ट्रान्झिस्टर संपतो. तेव्हा ‘तापला की बिघडतो’ हा तुमचा संशय निराधार नाही. पण ट्रान्झिस्टर दोषी असता तर सेट तापेल तसा करंट वर जायला हवा होता.

माझ्या सेटमध्ये नेमकं उलट होत होतं. सुरू केल्यावर आवाज स्वच्छ, आणि थोड्या वेळाने दबका, फाटका. एमिटरला जो 0.33 ओहमचा रेझिस्टर असतो (गरज पडली तर फ्यूजसारखा जळून जाणारा), त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेज मोजत बसलो. सुरुवातीला 0.23 व्होल्ट, म्हणजे 0.7 अँपिअर. सेट तापत गेला तसा तो 0.08 पर्यंत उतरला. करंट खाली येतोय म्हणजे ट्रान्झिस्टरला बायसच, म्हणजे त्याला कायम थोडं उघडं ठेवणारा बेसवरचा व्होल्टेजच, कमी मिळतोय. मग बेसकडून चासीकडे (रेडिओच्या धातूच्या सांगाड्याकडे) जाणाऱ्या कार्बन रेझिस्टरवर फ्रीझर स्प्रे मारला, तर व्होल्टेज ताबडतोब परत वर. जुने कार्बन रेझिस्टर वयाबरोबर मूल्य वाढवत नेतात, आणि हा तर तापला की जास्तच बिनसत होता. तो एक बदलला, मग सेट नीट तापू दिला आणि सर्व्हिस शीट बघून बायस लावला. पाल्हाळ म्हणाल तर एवढंच. सगळे कंडेन्सर बदलले असते तरी हा रेझिस्टर जागेवरच राहिला असता आणि तुम्ही शेवटी ट्रान्झिस्टरवरच खापर फोडलं असतं.

कंडेन्सरच्या बाबतीत मात्र तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पूर्ण व्हॉल्व्हचा सेट असेल तर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला (व्हॉल्व्हमधला करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा पेपर कंडेन्सर मी न मोजताच काढून टाकतो. तो गळायला लागला की ग्रिड पॉझिटिव्ह होते, व्हॉल्व्हची प्लेट लाल होते आणि सोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जातो. व्हायब्रेटरच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या बफर कंडेन्सरचंही तेच. तो मात्र मूळ मूल्याचाच आणि 1600 व्होल्टच्या आसपासच्या रेटिंगचा हवा. पण हायब्रिडमध्ये हाय व्होल्टेज नसतंच. तिथे सुकलेले इलेक्ट्रोलिटिक बदलावेत, तेही एकेक, आणि प्रत्येक वेळी सेट लावून बघावा. सगळं एकदम उपसलं आणि नंतर शिट्टी ऐकू आली तर ती जुनी की तुम्ही बसवलेली, हे कोण सांगणार?

तयार बोर्डचा मोह मी समजू शकतो. पण मूळ स्पीकर 10 ओहमचा असेल तर 12 व्होल्टवरची साधी चिप त्यात जेमतेम दीड वॅट घालते. जुन्या स्टेजमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे ती याहून सहज जास्त देते. ब्रिज जोडणीची चिप घेतली तर तिच्या दोन्ही तारा लाइव्ह असतात, आणि जुन्या गाड्यांत स्पीकरचं एक टोक बहुतेक वेळा चासीलाच असतं. पहिल्याच दिवशी चिप जायची भीती. पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडलेली) गाडी असेल तर विषयच संपला.

आता तुमचा ‘फक्त’. जर्मेनियमच्या बेस-एमिटरला 0.2 ते 0.3 व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला साधारण 0.65 लागतात. जुनी बायसची साखळी तशीच ठेवून सिलिकॉन घातला की तो जेमतेम उघडतो. मोठ्या सिग्नलवर ढकलला जातो म्हणून मोठा आवाज बरा वाटतो, बारीक आवाज फाटतो. मूळ ट्रान्झिस्टर खरोखरच गेला असेल तर सिलिकॉन घालण्यात काहीच गैर नाही, जर्मेनियम मिळणं आता अवघडच आहे. पण मग बायसही त्याच्या मापाचा करा: बेस आणि पुरवठा यांच्यामधल्या रेझिस्टरचं मूल्य थोडं थोडं वाढवत जा आणि दर वेळी एमिटर रेझिस्टरवरचा व्होल्टेज बघा. तिथे थर्मिस्टर (तापमानानुसार मूल्य बदलणारा रेझिस्टर) असेल तर तो जर्मेनियमसाठी बेतलेला आहे हे विसरू नका. आणि स्पीकर जोडल्याशिवाय सेट सुरू करू नका, नाहीतर ट्रान्सफॉर्मरमधल्या उलट्या झटक्याने नवा ट्रान्झिस्टरही जाईल.

एमिटर रेझिस्टरवरचा तो व्होल्टेज सेट गार असताना आणि पुरता तापल्यावर किती येतो, दोन्ही आकडे इथेच लिहा. रेझिस्टर किती ओहमचा आहे तेही कळवा, म्हणजे पुढचं बघता येईल.